येसाईच्या उंचीची दारं

फार वर्षांपूर्वी, सोनवळात सिमेंटचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, इथं गेनबा सुतार राहायचा. गावातली बहुतेक घरं त्यानंच उभी केली. त्यानं तासलेल्या लाकडाला वाळवी लागायची नाही, असं म्हणतात.

पण एवढ्या मोठ्या कारागिराकडं दाराच्या उंचीचं माप नव्हतं! तो चौकटीचे दोन खांब उभे करायचा, वरचं लाकूड धरायला माणसं लावायचा आणि बायकोला, येसूला, हाक मारायचा. येसू डोक्यावर भरली घागर घेऊन खालून आत जायची. घागर वर न टेकता जेमतेम आत गेली की तिथंच खूण. घरोघरच्या बायका चिडवायच्या, "भावजी, आमच्या घरात आधी तुमचीच लक्ष्मी शिरती की!" गेनबा लाजून रंध्याकडं बघत बसायचा. फार जीव होता त्याचा तिच्यावर.

मग एका थंडीत येसू तापानं गेली. तेव्हा गेनबाची लेक तानी हिचं घर गावातच उठत होतं. भिंती झाल्या, लाकूड तासून पडलं, पण गेनबा चौकटीला हात लावेना. "माप गेलं माझं," एवढंच म्हणायचा. तानीच्या दाराला गोणपाट लटकलेलं आणि आत तिचं तान्हं गारठ्यानं रडायचं.

एका सकाळी तानी पाणी घेऊन बापाच्या घरी आली. ती आईपेक्षा चार बोटं उंच. दारात घागर वर आदळली आणि ती नखशिखांत भिजली.

"आबा," ती रडत म्हणाली, "तुमच्या कुठल्याबी दारात मला आईपुढं वाकावं लागतंय. आन तुम्ही म्हंता माप गेलं?"

गेनबा उठला. स्वतःच्याच दाराला कवटाळून पोटभर रडला. मग सुतळी लावून त्यानं त्या दाराची उंची घेतली आणि नेमक्या तेवढ्या उंचीची चौकट तानीच्या घराला बसवली.

आता घागर घेऊन आत जायची पाळी तानीची. पोर रडायला लागलं म्हणून ती घाईनं निघाली आणि वाकायचंच विसरली. पण घागर टेकली नाही, थेंबही सांडला नाही. गेनबानं मापाची तीच सुतळी पुन्हा चौकटीला लावून पाहिली, तर ती चार बोटं अपुरी पडली. येसूनं लेकीला वाट दिली, असं म्हणतात.

गेनबाचा पणतू प्रल्हाद आज गावचा कंत्राटदार आहे. त्याच्याकडं नकाशे आहेत, टेप आहे, चौकटी तर तालुक्याहून तयारच येतात. तरी चौकट बसली की तो घरच्या बाईला भरली घागर घेऊन बोलावतो. घागर नसली तर प्लास्टिकची कळशीही चालते, येसाई काही तेवढी कडक नाही. बाई उंच असो की ठेंगणी, क्षणभर उंबऱ्याशी थांबते. बाहेरची सगळी माणसं, गवंड्यांसकट, म्हणतात, "येसाई, लेकीला वाट दे."

मग ती न वाकता आत जाते.