लांडगीचा दगड

हे आमच्या धनगरवाडीचं तळं. चहूबाजूंनी पुरुषभर बांध, आणि खाली तळाशी हा एक सैल दगड. बसवायचा राहिला असेल, असं पाहुण्यांना वाटतं. पण रोज सकाळी पाळीच्या घरानं तो उपसायचा, बाहेरचा खळगा भरू द्यायचा आणि पुन्हा बसवायचा, अशी आमची रीत आहे. का, ते सांगतो. मला मात्र ते अजून नीट उमगलेलं नाही.

फार पूर्वी, म्हणे, दोन वर्षं पाऊस नव्हता. एवढंच पाणी उरलं. रानातली जनावरं येऊ नयेत म्हणून बांध घातला आणि राखणीला येसाई नावाची विधवा बसवली. तिनं बिरोबाला नवस बोलला होता, "पाणी टिकव देवा, तहानलेल्याला मी माघारी धाडणार न्हाई." पाणी टिकलं.

एके दुपारी बांधाबाहेर लांडगी आली. कान फाटलेला, आचळं लोंबलेली, जीभ बाहेर. येसाईची दुभती मेंढी नेली ती हीच. येसाईनं धोंडा उचलला आणि नवस आठवला. आपण माणसांपुरतं बोललो होतो, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण तसं बोललो होतो का, तेच आठवेना. बेइमानी मेंढरांशी करावी की देवाशी? शेवटी रडत, शिव्या देत तिनं तळचा दगड उपसला.

लांडगी रोज येऊ लागली. वाडी खवळली. म्हाकू नावाचा धनगर सगळ्यांत पुढं. "आमची मेंढरं खानारीला पानी पाजतीस?"

"माझं मलाच कळंना," येसाई म्हणाली. "पर तिला तशी धाडली, तर घास उतरत न्हाई."

दगड उपसताना तिच्या तोंडच्या शिव्या कितव्या दिवशी थांबल्या, ते तिलाही कळलं नाही, असं सांगतात. पुढं ती तापानं पडली. त्या सकाळी दगड काढून आला तो म्हाकूच. का काढलास, हे त्यालाही सांगता येईना.

लांडगीनं मग मेंढरं सोडली, असं काहीजण म्हणतात. माझी आज्जी म्हणायची, कसली सोडती, आणखी दोन कोकरं नेली.

आजही पाळी चुकत नाही. आज माझी होती. चार दिवसांपूर्वी लांडग्यानं आमचं कोकरू नेलं. नात अजून धड जेवत नाही. सकाळी या दगडापाशी बराच वेळ नुसता बसलो. मग शिव्या देतच काढला.

खळग्याच्या काठाला बघा. हे पंज्यांचे ओले ठसे त्यानंतरचे आहेत.