फुटलेल्या बांधावरची सभा

फार पूर्वी सोनवती नदीच्या काठी शोभननगरात पुष्यसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाचा जन्म तिथे येऊन वसलेल्या एका कुळात झाला होता आणि सोमिल या नावाने तो राजाचा मुख्य अमात्य होता. राज्य नवे होते. एका पिढीमागे तिथे नुसते वेताचे रान होते. दूरदूरच्या मुलखातून माणसे आली, त्यांनी रान तोडून भाताची खाचरे केली आणि राजाने डोंगराच्या पायथ्याशी मातीचा मोठा बांध घालून तलाव केला. त्या पाण्यावर बारा गावे जगत होती. सोमिलाने आजवर कुणाकडून साधी फळांची करंडीही घेतली नव्हती. लोक त्याला फार मानत.

बांधावर पिंगल नावाचा राखणदार होता. एका उन्हाळ्यात बांधाच्या तळाशी पाणी पाझरताना त्याला दिसले. राज्यातली बांधकामे रोहक नावाचा स्थपती पाहत असे. पिंगल त्याच्याकडे गेला. "खाणीतून दगड निघाले आहेत, आले की तळ बांधून काढू," असे रोहक म्हणाला. दगड आलेही. पण राजकन्येचे लग्न ठरले होते आणि वऱ्हाडासाठी नदीवर नवा घाट हवा होता. गाड्या बांधाकडे न जाता घाटाकडे वळल्या. पिंगल दुसऱ्यांदा गेला, तेव्हा रोहकाने त्याला हाकलून दिले. मग तो थेट सोमिलाच्या दारी गेला.

त्या दिवशी सोमिल पाहुण्यांच्या उतरण्याची सोय पाहत होता. पिंगल अंगणात उभा राहिला. त्याच्या ओंजळीत ओली माती होती.

"अमात्य, ही बांधाच्या पोटातून निघते आहे. पाणी आतून वाट काढते आहे."

सोमिलाने माती बोटांनी चाचपून पाहिली. "एवढे लग्न उरकू दे, पिंगल. आठ दिवसांत मी स्वतः येऊन पाहतो."

लग्न थाटात झाले. आठ दिवस गेले, वीस गेले. सोमिलाच्या मनातून ती गोष्ट निसटली. आषाढात सलग पाच दिवस पाऊस कोसळला आणि सहाव्या दिवशी दुपारी बांध फुटला. खालच्या नळगावातली एकोणीस माणसे वाहून गेली.

चौथ्या दिवशी राजवाड्यात बंद दाराआड सभा बसली. रोहक म्हणाला, "महाराज, राखणदार झोपला होता. पाणी चढले तरी त्याने जादा पाणी सोडायच्या मोरीचे दार उघडले नाही. मी त्याला कोठडीत ठेवला आहे." सभासदांनी माना डोलावल्या. राजाचा जीव भांड्यात पडला. दोष एकाच माणसाचा होता आणि तो माणूस हाती होता. राजाने लेखकाला सांगितले, "पिंगलला देहदंड. आज्ञा लिही."

आता हे सांगितले पाहिजे की सोमिल त्या वेळी गप्प राहिला. अंगणातले बोलणे दुसऱ्या कुणी ऐकले नव्हते, आणि कोठडीतल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार होते? आपले पद, आपले नाव, लोकांच्या डोळ्यांतला आदर, हे सगळे त्याला दिसले. लेखकाने ताडपत्र सरळ केले. त्यावर लेखणी टेकली, तेव्हा मात्र सोमिल उठून उभा राहिला.

"महाराज, थांबा. पिंगलला कुणीही काही विचारलेले नाही. आपण बांधावर जाऊ. नळगावच्या लोकांसमोर त्याला विचारू."

राजा अस्वस्थ झाला. "सोमिल, राज्य अजून कोवळे आहे. राजवाड्याच्या चुका लोकांनी पाहिल्या तर आपल्याला कोण मानेल?"

"त्यांनी पाहिल्या आहेत, महाराज. त्यांची घरे गेली आहेत. आपण पाहिल्या की नाही, एवढेच त्यांना कळलेले नाही."

राजाने आज्ञा थांबवली आणि दार उघडायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुटलेल्या बांधावर सभा बसली. आसने नव्हती. राजाही चिखलावर वेताची चटई टाकून बसला. समोर नळगावातली उरलेली माणसे होती. त्यांत शोणा नावाची चटया विणणारी बाई होती. तिचा नवरा आणि सासू दोघेही वाहून गेले होते. पिंगलला पुढे आणले.

सोमिलाने विचारले, "बांध पाझरतो हे तू कुणाला सांगितलेस?"

"रोहकांना. दोनदा."

रोहक ओरडला, "खोटे आहे!"

"आणि तिसऱ्यांदा?" सोमिलाने विचारले.

पिंगलने मान खाली घातली. शोणा म्हणाली, "बोल ना भाऊ! आता कुणाला जपतोस?" तरी तो बोलेना. ज्या एका माणसाचा त्याला आधार वाटत होता, त्याचेच नाव त्याला घ्यायचे होते.

तेव्हा सोमिल लोकांकडे वळला. "तिसऱ्यांदा तो माझ्याकडे आला होता. ओली माती मी या हातांनी चाचपली. आठ दिवसांत येतो म्हणालो आणि आलो नाही. बांधाचे दगड घाटावर गेले, हे मला ठाऊक होते. पिंगल झोपला नव्हता. झोपलो होतो आम्ही."

मग शोणा उठली.

"हे सांगितल्याने माझी माणसे परत येणार आहेत का?"

"नाही, बाई."

"मग कशाला सांगितलेत?"

सोमिल म्हणाला, "ज्याने तीनदा हाक दिली त्याचा जीव जाऊ नये म्हणून. आणि पुढच्या वर्षी तुम्ही मला विचारावे म्हणून, की अमात्य, बांध पाहिलात का?"

राजा चटईवरून उठला. तो म्हणाला, "दगड घाटावर लागले आणि त्याच घाटावर मी मिरवलो. ते कुठून आले, हे मी विचारले नाही. तेवढा दोष माझा." त्याने स्वतःच्या हातांनी पिंगलच्या दोऱ्या सोडल्या.

सोमिलाने आपल्या पदाची मुद्रा राजापुढे ठेवली आणि आपली शिक्षा नळगावानेच ठरवावी अशी विनंती केली. गावाने आपसांत बराच विचार केला. शोणाने निर्णय सांगितला, "बांध पुरा होईतो तुम्ही इथे आमच्यात राहायचे. बांध फुटला तर आमच्याबरोबर वाहून जाल, अशा जागी." सोमिलाने ते मान्य केले. रोहकाचे पद गेले. घाट उखडला गेला, आणि त्याचे दगड बांधावर आणणाऱ्या माणसांत रोहकालाही जुंपले. पहिले काही दिवस त्याच्याशी कुणी बोलत नसे. पुढे त्याच्या हातांना फोड आले, तेव्हा शोणानेच त्यांवर बांधायला चिंध्या दिल्या.

पुढल्या उन्हाळ्यात बांध उभा राहिला. तेव्हापासून दरवर्षी पावसाआधी राजा आणि त्याचे अधिकारी बांधावर येत. लोकांनी काय मागितले, काय झाले, काय झाले नाही आणि का, हे मोठ्याने वाचले जाई. कुणीही उठून प्रश्न विचारी. कधी राजाला राग येई, कधी लोक उगाच भांडत, सभा संध्याकाळपर्यंत लांबे. पण ती कुणी मोडली नाही. पुष्यसेनाच्या नातवाच्या काळातही ती भरत असे.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू नंदिल. राखणदार पिंगल म्हणजे सुप्रिय, जो आजही हळू बोलतो. शोणा म्हणजे उपासिका धीरा. अमात्य सोमिल मीच होतो. आणि रोहक आज इथेच बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. त्याचे हात तेव्हाच निर्मळ झाले."

चूक झाल्यावरही ती सर्वांसमोर आपली म्हणणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा, बोधिसत्त्वाने त्या जन्मी अशी पाळली.