गोजराअक्काचा खड्डा

फार फार वर्षांमागं, माणदेशच्या माळावर माणसांपेक्षा मेंढरं जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. बोरजाई गावात सणगरांची आळी होती. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे. प्रत्येक घराच्या पुढच्या सोप्यात जमिनीत एक खड्डा असायचा आणि त्या खड्ड्यावर माग. विणणारा काठावर बसायचा, पाय खड्ड्यात सोडायचा आणि हातानं सुताचा धोटा इकडून तिकडं फेकायचा. सकाळ झाली की आख्खी आळी खटक-खटक बोलायला लागायची.

बोरजाईच्या घोंगडीचा मोठा लौकिक होता. अंगावर घेतली की आईच्या कुशीत शिरल्यासारखं वाटायचं. कारण तिथली घोंगडी मागावरून उतरली की थेट बाजारात जायची नाही. आधी ती निजवायची. म्हणजे विणणाऱ्यानं एक रात्र ती स्वतः पांघरायची, बायकापोरांना कुशीत घेऊन. माणसाची ऊब लोकरीला एकदा कळली की लोकर ती विसरत नाही, असं म्हणतात.

त्या आळीत गोजरा राहायची. नवरा भिवा विणायचा आणि ती सूत कातायची. शेजारच्या घरात एका पोराची आई बाळंतपणातच गेली. पोराचं नाव यमा. गोजरानं त्याला उचललं, आपल्या घोंगडीत घेतलं आणि वाढवलं. म्हणून पुढं सारा मुलूख त्याला यमाजीशेठ म्हणायला लागला, तरी गोजरा त्याला यमाच म्हणायची आणि तो तिला अक्का.

यमा हुशार निघाला. हुशार पोराचं गावाला कौतुक असतं, आणि कौतुक असलं की गाव डोळे मिटून घेतं. मेंढरं कातरायच्या आधीच यमा माळावर जायचा, धनगरांना इसार द्यायचा आणि सगळी लोकर आपल्या वखारीत भरायचा. आळीत कुणाच्या हाताला मूठभर लोकर लागेना. मग तो म्हणाला, "लोकर पायजे? माज्याकडं या की विणायला." त्यानं मोठी छपरी बांधली. घराघरातले माग उचलून छपरीत नेले. आणि कुणी पुन्हा घरी विणायला बसू नये म्हणून घराघरातले खड्डे दगडांनी बुजवले.

गोजराच्या सोप्यात माणसं आली तेव्हा भिवा म्हणाला, "यमा, ह्या खड्ड्याचा काठ धरून तू चालायला शिकलास रं."

"धंद्यात नातं आणू नका, दाजी," यमा म्हणाला, आणि पहिला दगड त्यानं स्वतःच्या हातानं टाकला.

गावचे पंच दारात उभे होते. "धंदा म्हटला की असंच असतंय," असं म्हणून त्यांनी पटके नीट केले आणि घरी जेवायला गेले.

भिवा छपरीत गेला नाही. तो रोज सकाळी बुजलेल्या खड्ड्याच्या काठावर बसायचा आणि दगडांवर पाय टेकवून हात हलवत राहायचा. समोर माग नाही, सूत नाही, तरी धोटा फेकल्यासारखे हात. एका थंडीत तो तसाच बसल्या जागी गेला. घरातली जुनी निजवलेली घोंगडी गोजरानं त्याच्याबरोबर चितेवर दिली.

छपरीत घोंगड्या निजवायच्या नाहीत असा यमाजीचा हुकूम होता. गिऱ्हाइकाला कोरा माल लागतो, एक रात्र वाया कशाला घालवायची? विणली की घडी, घडी की गाडी. गाड्या घाटाखाली गेल्या, दर्यापार गेल्या. यमाजीचा वाडा इतका उंच झाला की पाखरं त्याला वळसा घालून जायची, असं म्हणतात.

मग यमाजीचे केस पिकले. केस पिकले की शेठ लोकांना पुण्य आठवतं. त्यानं देवीच्या देवळाला कळस दिला, तळ्याला पायऱ्या दिल्या, आणि दर थंडीत देवीच्या जत्रेत गरिबांना फुकट घोंगड्या वाटायला सुरुवात केली. गरीब कोण? ज्यांचे खड्डे त्यानं बुजवले होते तेच.

पण त्या घोंगड्या उबेनात. अंगावर घेतल्या की ओल्या दगडाखाली निजल्यासारखं वाटायचं. आता गंमत बघा, प्रत्येक घराला वाटलं की चूक आपलीच. कुणी म्हणालं, आमचं रक्तच पातळ झालं. बायकांनी चिंचोके शिजवले, घोंगड्यांना पुन्हा खळ दिली, तर त्या नुसत्या फळीसारख्या कडक झाल्या. दान घेतलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं, म्हणून कुणी शेजारच्या घरातही बोललं नाही. पंच तर चारचौघांत सांगायचे, "काय ऊब, शेठ! काय ऊब!" पंचांच्या अंगावर शेठनं दिलेल्या काश्मिरी शाली होत्या. त्यांना काय थंडी वाजणार?

एका वर्षी अशी थंडी पडली की आडातलं पाणी दगड झालं, असं म्हणतात. त्याच थंडीत गोजराची उशिरा झालेली लेक बायजा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, मुठीएवढी. गोजरानं नातीला घोंगडीत गुंडाळलं, तर पोर निळी पडायला लागली. घोंगडी काढून उराशी धरलं, तर पुन्हा लाल झाली. गुंडाळलं की निळी, उराशी धरलं की लाल. तेव्हा गोजराला कळलं. चूक कुणाच्या रक्तात नव्हती.

दुसऱ्या दिवशी जत्रा होती. ओट्यावर यमाजी बसला होता आणि पंच त्याच्या डोक्यावर मानाचा फेटा बांधत होते. गोजरा नातीला पदराखाली घेऊन गर्दीतून पुढं आली.

"अक्का, आलीस व्हय!" यमाजीचा चेहरा उजळला. "घोंगडी मिळाली न्हवं?"

"मिळाली की. तीच घिऊन आलीया. मांडी घाल."

तिनं पोरीला त्या घोंगडीत गुंडाळलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. बघता बघता पोरीचे ओठ निळे व्हायला लागले.

"ए गोजरे," एक पंच ओरडला, "ही काय येळ हाय? शेठनं गावाला किती दिलंय!"

"दिलंय किती ते तुमी सांगा," गोजरा म्हणाली. "नेलंय किती ते मी सांगती. दोनी त्याला ऐकू द्या."

"मेल्या माणसांचं आता काय काढतीस?"

"जितं लेकरू त्याच्या मांडीवर हाय. ते दिसंना का तुमाला?"

यमाजीनं घोंगडी फेकली, अंगरखा उघडला आणि पोरीला उराशी धरलं. पण पोर लाल होईना. म्हाताऱ्याची छाती थंडगार होती. त्यानं गोजराकडं बघितलं, लहानपणी ठेच लागल्यावर बघायचा तसं.

"अक्का, माज्याच अंगात ऊब न्हाई गं."

गोजरानं नातीला पुन्हा उराशी घेतलं.

"काय दिऊ सांग," यमाजी म्हणाला. "वाडा देतो. वखार देतो."

"दिऊ नगंस. लई दिलंस. नेलंयस ते जिथलं तिथं ठिवून ये."

मग सगळ्या जत्रेनं बघितलं, यमाजीशेठ पहार घेऊन आळीत शिरला. पंच म्हणाले, गडी पाठवतो. तो म्हणाला, नको. पहिला खड्डा गोजराच्या सोप्यातला. म्हातारा एकेक दगड उचलायचा आणि बसून दम खायचा. तळाचा दगड निघाला तो ताज्या भाकरीसारखा गरम होता. भिवाचे पाय इतकी वर्षं वरून टेकलेले ना, असं म्हणतात.

इकडं आळीतल्या बायकांनी पोरीला खाली ठेवलंच नाही. एकीच्या उराशी, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. यमाजी घराघरात खणत होता आणि पोर घराघरात उबत होती. त्यानं वखार उघडली, माग परत केले. काही घरांनी त्याला पाणी दिलं. एका घरानं दार उघडलं नाही, तर तो अंगणात बसून राहिला. एक म्हातारी त्याच्यावर थुंकली, आणि तिला कुणी नाव ठेवलं नाही. काही घरं माणसं निघून गेल्यामुळं पडली होती. तिथलेही खड्डे त्यानं उकरले.

शेवटी, कितीतरी दिवसांनी, तो गोजराच्या सोप्यात आला आणि भिवाच्या जागी बसला. पाय खड्ड्यात सोडले आणि विणायला लागला. हात विसरले होते. काठ वेडेवाकडे यायला लागले.

"ही घोंगडी हाय का माळावरची पायवाट?" गोजरा म्हणाली, आणि भिवा गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

काही दिवसांनी घोंगडी मागावरून उतरली तेव्हा दिवस कलला होता. यमाजीनं तिथंच अंग टाकलं आणि ती पांघरली.

"अक्का," तो म्हणाला, "फिटलं का गं?"

फिटलं म्हणावं तर समोर भिवाची जागा होती. न्हाई म्हणावं तर याला तिनंच वाढवलं होतं. तिनं घोंगडी त्याच्या गळ्यापर्यंत ओढली, लहानपणी ओढायची तशी, आणि कडेनं नीट खोचली.

"नीज," ती म्हणाली.

सकाळी यमाजी थंड झाला होता आणि घोंगडी इतकी ऊन होती की तिच्यावरून वाफ निघत होती, असं म्हणतात. त्याच घोंगडीत गोजरानं नातीला गुंडाळलं. ती पोर जगली, पतवंडं बघून गेली, आणि जन्मात तिला कधी हुडहुडी भरली नाही.

गोजराअक्काचा खड्डा बोरजाईत आजही उघडा आहे. कुणाला गावासाठी काही द्यायचं असेल, पाण्याची टाकी असो की देवळाची फरशी, तर त्यानं आधी जत्रेच्या दिवशी त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत. ज्याचं ज्याचं या देणाऱ्यानं काही नेलं असेल त्या त्या माणसानं समोर येऊन सांगायचं. बसलेल्यानं उत्तर द्यायचं नाही. हे कळलं की बरेच दानशूर वेशीवरूनच गाडी वळवतात. म्हणून बोरजाईच्या शाळेचं छप्पर अजून गळतं.

पण कधीतरी एखादा बसतो. ऐकत राहतो. ऊन उतरतं, माळावरून गार वारा सुटतो आणि तो कुडकुडायला लागतो. तेव्हा आळीतली कुणीतरी बाई घरातून निजवलेली घोंगडी आणते आणि त्याच्या खांद्यावर घालते. फिटलं का, ते ती सांगत नाही. नुसती कडेनं नीट खोचते.