पुसलेल्या फळ्याचा पत्ता

रुग्णवाहिकेतल्या रुग्णाच्या हृदयाच्या नोंदी इस्पितळात पोचवणारी प्रणाली दुपारी सुरू व्हायची होती, आणि सकाळीच प्रोग्रॅमर हेमांगी टिळवेने ती अडवली.

"प्रोग्रॅममधलं नोंदी वाचणारं फंक्शन काम करून संपलं की त्याची मेमरी मोकळी होते, ती जागा दुसऱ्याला मिळते. आपण मात्र परत देतो तो त्या जागेचा नुसता पत्ता. डॉक्टरांना भलत्याच माणसाचे ठोके दिसतील."

मुख्य अभियंते राजाध्यक्ष खवळले. "नोंदींची नक्कल करून देण्यात वेळ जातो. पत्ता पुरे! हरकत असेल तर आत्ता लेखी द्या, नाहीतर राजीनामा द्या."

हेमांगी उठली, फळ्यावर हरकत लिहिली, सगळ्यांदेखत पुसली आणि साहेबांच्या हाती चिठ्ठी दिली: 'हरकत फळ्यावर, डावीकडे.'

"ही काय थट्टा? फळा कोरा आहे!"

"पत्ता तर बरोबर आहे, सर."

"पत्ता घेऊन काय करू? कागदावर लिहून तो कागदच द्यायचा ना माझ्या हातात!"

"मग नोंदींचंही तसंच करू या. नक्कल नको, पत्ताही नको. मूळ नोंदीच मालकीसकट हवाली करू, म्हणजे फंक्शन संपलं तरी त्यांची जागा दुसऱ्याला जाणार नाही."

राजाध्यक्षांनी चिठ्ठी चुरगळली.

"प्रोग्रॅम बदला," ते म्हणाले. "तोवर एकाही गाडीत ही प्रणाली सुरू होणार नाही."