सावकाश होऊ द्या!

"तुझ्या शेळ्यांनी माझी कोथिंबीर खाल्ली, आता मी तुझ्या शेळ्या खाणार!" उदंडसेन महाराज हौसावर गरजले.

हौसा धनगराची पोर, अंगानं अगदी काडी. तिचा जरा डोळा लागला आणि वीसच्या वीस शेळ्या राजवाड्यामागच्या वाफ्यात शिरल्या. दुसरं काहीही खाल्लं असतं तर महाराजांनी सोडून दिलं असतं. पण ती पडली चटणीची कोथिंबीर! आणि आज तर सळईची पंगत होती.

ही पंगत म्हणजे महाराजांचा मोठा मान. कोंबडी, ससा, रानडुक्कर लांब सळयांवर ओवून निखाऱ्यांवर भाजायचं. वाढपी सळया घेऊन फिरायचे आणि गरम तुकडे कापून थेट ताटात घालायचे. प्रत्येक पाहुण्यापुढे लाकडाची एक चकती असे. हिरवी बाजू वर आहे तोवर वाढपी हटायचा नाही. तांबडी वर केली की पाहुणा हरला! मात्र अन्न टाकायचं नाही. ताट रिकामं झाल्यावरच पुढचा तुकडा.

"म्हाराज, त्या दुधावर मी अन् माजी आय जगतो. दया करा!" हौसा रडकुंडीला आली.

महाराजांना चेष्टा सुचली. "बरं, पंगतीला बस! तू 'पुरे' म्हणालीस की शेळ्या माझ्या. 'पुरे' माझ्या घरातून कुणी म्हणालं, तर तुझ्या!"

जमलेले सरदार खो खो हसले. या पंगतीत भलेभले पैलवान आडवे झाले होते!

हौसानं डोळे पुसले. "बसते की! पन म्हाराज, तुमचं ताट कुटं हाय?"

"पाहुणे उठल्याशिवाय यजमान घास घेत नाही! सात पिढ्यांची रीत आहे आमची." महाराजांनी मिशीला पीळ दिला. सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं त्यांनी, पंगतीसाठी.

"आन् मधीच कुनी उठलं तर?"

"छे! पंगत उठते ती एकदम. कसली घाई? सावकाश होऊ द्या!"

हौसानं मान डोलावली आणि चकती हिरवी करून बसली.

वाढप्यानं ससा वाढला. हौसानं त्यातला नखाएवढा तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि चावायला लागली. चावतेय, चावतेय, चावतेच आहे! तो गिळला, घोटभर पाणी प्याली, पदरानं वारा घेतला. मग दुसरा नखाएवढा तुकडा.

सरदारांची जेवणं उरकली, हात वाळले, मांड्यांना मुंग्या आल्या. उठता कुणालाच येईना. उन्हं कलली तरी हौसाचा ससा अजून अर्धाच होता!

महाराज पंगतीतून येरझाऱ्या घालत होते. समोरून खमंग कोंबडी गेली तशी त्यांच्या पोटात कावळे कोकलू लागले.

"पोरी, जरा भरभर जेव की!"

"आता गं बया! यजमानच घाई कराया लागलं?" हौसानं डोळे मोठे केले. "सावकाश होऊ द्या, आसं तुमीच म्हनला न्हवं? राजाचा शबूद मोडू व्हय?"

महाराजांनी पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या. वाढपी रानडुकराची सळई घेऊन आला. चरबी चुरचुरत होती. हौसानं वास घेतला आणि हसून म्हणाली, "ह्ये झाक दिसतंय! ससा संपला की खाते. मग कोंबडी. मग तित्तर हाय म्हनं?"

महाराजांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"पुरे!" ते ओरडले. "पुरे, पुरे, पुरे! ऊठ आता!"

हौसानं शांतपणे चकती उलटून तांबडी बाजू वर केली.

"म्हाराज, 'पुरे' कुनाच्या घरातनं आलं?"

महाराजांनी आ वासला. मग हसू फुटलं ते असं, की पोट धरून खालीच बसले! "सोडा रे हिच्या शेळ्या! आणि राजवाड्यामागचं कुरण आजपासून हिचं. कोथिंबिरीला तेवढं कुंपण घाला!"

घाईघाईनं महाराजांचं ताट मांडलं गेलं. हौसानं हिरवी चकती त्यांच्यापुढे ठेवली आणि हात जोडले.

"बसा म्हाराज. सावकाश होऊ द्या!"

"ते आज जमायचं नाही!" महाराज भरल्या तोंडानं म्हणाले.