खुडूक बसलेला कोंबडा

फार मागच्या काळी शालिपूर नगरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कोंबड्याच्या कुळात जन्म घेतला होता. नगराच्या पूर्व वेशीबाहेर कुंभारांची वस्ती होती. तिथे भद्रक कुंभार आणि त्याची बायको सोमिला यांच्या परसात तो वाढला. त्याचा तुरा तापलेल्या तांब्यासारखा होता, म्हणून सगळे त्याला ताम्रचूड म्हणत. त्याचा आवाज खणखणीत होता. तो आरवला की पहारेकरी वेशीचे दार उघडीत, बाया जात्यावर बसत आणि राजा अंथरुणातून उठे. शालिपूरचा दिवस ताम्रचूडच उगववतो, असे लोक कौतुकाने म्हणत. ऐकून ऐकून ताम्रचूडालाही तसेच वाटू लागले होते.

राजाला अंडी फार आवडत. त्याचे पाहुणे, त्याचे मल्ल, सगळेच अंडी खात. म्हणून नगरातल्या प्रत्येक परसातून रोज अंडी राजवाड्यात पोचवावीत असा नियम होता. पाकशाळेचा अधिकारी उग्रक ती गोळा करी. तो दुष्ट नव्हता, पण त्याला रिकामी टोपली पाहवत नसे.

आता कोंबडी अंडी घालते, पण बारा महिने सारखी घालीत नाही. काही अंडी साठली की तिच्या अंगात ऊब चढते. ती खुडूक होते. पिसे फुलवून एका जागी बसते, दाणापाणी विसरते आणि जवळ येणाऱ्या हाताला चोच मारते. ते दिवस ती नवे अंडे घालीत नाही. उग्रकाला हे मुळीच खपेना. त्याने नगरात दवंडी पिटवली, "खुडूक कोंबडी म्हणजे आळशी कोंबडी. तिची खुडूक मोडा. मोडली नाही तर तिला पाकशाळेत आणून द्या."

मग घरोघरी लोक खुडूक कोंबड्यांना थंड पाण्यात बुडवू लागले. कोणी त्यांच्या नाकपुडीत पीस ओवले, कोणी त्यांना डालग्याखाली उपाशी कोंडले. थोड्या दिवसांनी कोंबडी बसणे विसरे आणि पुन्हा अंडी घालू लागे. राजवाड्यातल्या टोपल्या भरून वाहू लागल्या. राजाने उग्रकाच्या हातात सोन्याचे कडे घातले.

टोपलीतले अंडे सगळ्यांना दिसत होते. जन्मालाच न आलेले पिल्लू मात्र कोणाला दिसत नव्हते.

अशी काही वर्षे गेली. काही कोंबड्या घारीने नेल्या, काही मुंगसाने. काही म्हाताऱ्या झाल्या. एका हिवाळ्यात मानमोडीची साथ आली आणि खुराडीच्या खुराडी ओस पडली. टोपल्या पुन्हा रिकाम्या दिसू लागल्या. उग्रक म्हणाला, "कोंबड्या माजल्या आहेत. आणखी कडक व्हायला हवं." आणि तो आणखी कडक झाला.

भद्रकाच्या परसात तेव्हा पिंगला नावाची एकच कोंबडी उरली होती. एक दिवस ताम्रचूड तिला म्हणाला, "पिंगले, खुराड्यातल्या गवतावर अंडं घालू नकोस. आव्यामागे फुटका रांजण आडवा पडला आहे, तिथे घाल. आणि बसावंसं वाटलं तर बस. नगरात दुसरी एकही कोंबडी आता बसत नाही. तू उठलीस तर आपलं कूळ इथेच संपेल."

पिंगलेने तसेच केले. भांडी भाजण्याच्या त्या आव्यामागे राखेची आणि खापऱ्यांची रास होती, तिकडे कोणी फिरकत नसे. रांजणात पुरेशी अंडी झाली आणि पिंगला त्यांच्यावर बसली.

सोमिलेच्या नजरेतून हे सुटले नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पिंगला त्या फुटक्या रांजणात बसलीय."

"बसू दे की."

"बसू दे काय? खुडूक झालीय ती. उग्रकाच्या माणसांना कळलं तर?"

"कळलं तर तुलाही नेतील," भद्रक चाकावरची माती सारखी करीत म्हणाला. "तूसुद्धा सकाळपासून खुडखुड करते आहेस."

सोमिलेने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले. पण संध्याकाळी तिने मूठभर कण्या नेऊन रांजणाशी ठेवल्या आणि वर वाळके गवत पसरून दिले.

दिवसातून एकदा पिंगला खाली उतरे, घाईघाईने दाणे टिपी, पाणी पिई, राखेत अंग घुसळी आणि परत जाऊन बसे. एका सकाळी ती अशीच राखेत लोळत असताना उग्रक माणसे घेऊन परसात आला. तिची फुललेली पिसे आणि घशातला आवाज त्याने लगेच ओळखला.

"तुमच्याकडून अंडं का येत नव्हतं ते आता समजलं," तो म्हणाला. "धरा हिला. पाकशाळेत टांगून ठेवा. ताळ्यावर आली तर ठीक, नाही तर पुढच्या मेजवानीला पातेल्यात."

"मालक, आमच्याकडे ही एकच उरलीय हो," सोमिला गयावया करू लागली.

"म्हणूनच तर! एकुलती एक आणि तीही ऐतखाऊ!"

पिंगलेला पाय बांधून नेले. रांजणाकडे कोणी पाहिले नाही.

ताम्रचूड आव्यामागे गेला. अंडी अजून कोमट होती. त्याने प्रत्येक अंड्याला मान लावून पाहिली. कडेचे एक गार पडू लागले होते. त्याच्या मनात आले, 'मी कोंबडा आहे. आरवणे हा माझा धर्म. मी इथे बसलो तर नगराला कोण उठवील? आणि बसून आरवलो, तर आवाजावरून ही जागा सापडेल.' मग त्याच्या मनात आले, 'नगराला उठवायला दुसरे कोणी मिळेल. यांना ऊब द्यायला दुसरे कोणी नाही. पिल्ले बाहेर येईपर्यंत मी यांना थंड पडू देणार नाही.'

असा निश्चय करून तो अंड्यांवर बसला.

पण ते सोपे नव्हते. त्याचे पाय लांब होते, नखे अंड्यांना लागत. छातीची दाट पिसे अंगाची ऊब अंड्यांपर्यंत पोचू देईनात. पिंगलेच्या छातीवर उघडी जागा होती, ती त्याला आठवली. मग त्याने आपल्या चोचीने आपल्याच छातीची पिसे एकेक करून उपटली. ज्या छातीकडे बोट दाखवून लोक वाहवा करीत, ती लाल, उघडी छाती त्याने अंड्यांना लावली. पिंगला करी तशी तो अंडी चोचीने हलकेच उलटवी आणि कडेची मधे घेई.

दुसऱ्या दिवशी पहाटे आरव त्याच्या गळ्यापर्यंत आला. त्याने तो गिळला. तो श्वास रोखून पूर्वेकडे पाहत राहिला. आकाश पांढुरके झाले, मग तांबूस झाले, आणि मग नेहमीसारखा सूर्य वर आला. तो आरवला नव्हता, तरी आला. ताम्रचूड बराच वेळ त्या सूर्याकडे पाहत राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि एक अंडे उलटवले.

परसातल्या कडुनिंबावर एक कावळा बसे. त्याने खाली डोकावून पाहिले आणि तो हसू लागला. "काय वहिनी, बाळंतपण कधी?"

"जवळ आलंय," ताम्रचूड शांतपणे म्हणाला. "बारशाला जरूर ये. फक्त पिल्लांपासून लांब बस."

सोमिलेला तो रांजणात सापडला, तेव्हा तिलाही आधी हसू आले. मग त्याची उघडी छाती दिसली. तिने पाण्याची परळ त्याच्या चोचीपुढे धरली, आणि त्यानंतर ती रोज धरू लागली.

इकडे नगराचा दिवस विस्कटला. वेशीचे दार उशिरा उघडू लागले. पहारेकऱ्यांना नगारा वाजवायला सांगितले, पण नगाऱ्याने दचकून उठलेली माणसे दिवसभर चिडचिड करीत. राजा रोज विचारी, "ताम्रचूड का आरवत नाही? मेला का?" उग्रक म्हणे, "म्हातारा झाला असेल, महाराज." शेवटी एके दिवशी राजा म्हणाला, "जिवंत असेल तर घेऊन ये. पाहू तरी."

उग्रक दोन शिपाई घेऊन कुंभारवाड्यात आला. शोधता शोधता ते आव्यामागे पोचले. रांजणात बसलेला कोंबडा पाहून उग्रक पोट धरून हसला. पण ताम्रचूड थोडा सरकला आणि खालची अंडी दिसली. उग्रकाचे हसू पळाले.

"राजाची अंडी लपवून ठेवलीत? उचला रे ती!"

ताम्रचूड मनुष्यवाणीने म्हणाला, "मला मारायचं असेल तर इथेच मारा. पण मी आपण होऊन उठणार नाही. मी उठलो तर ही थंड पडतील."

शिपायांनी हात मागे घेतले. त्यांच्यातला एक म्हणाला, "मालक, कोंबडा अंड्यांवर बसलेला मी जन्मात पाहिला नाही. आणि हा तर बोलतोसुद्धा. महाराजांना विचारल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही."

बातमी ऐकून राजा स्वतःच चालत आला. मागून निम्मे नगर आले. सोमिला आणि भद्रक हात जोडून एका बाजूला उभे राहिले. अंडी लपवण्याबद्दल घरदार जप्त होऊ शकते, हे दोघांनाही ठाऊक होते.

राजाने विचारले, "ताम्रचूडा, तू आरवणं का सोडलंस?"

"महाराज, मला वाटायचं की माझ्यामुळे उजाडतं. मी गप्प बसलो तरी उजाडलं."

"कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच, महाराज," सोमिलेच्या तोंडून निघून गेले. भद्रकाने तिला कोपर मारले. पण राजा हसला.

ताम्रचूड पुढे म्हणाला, "माझ्यावाचून सूर्य अडला नाही. ही अंडी मात्र अडली असती."

उग्रक पुढे झाला. "महाराज, याच्या गोड बोलण्याला भुलू नका. यांनी चांगली अंडी चोरून ठेवली आहेत. आत्ता एक फोडून दाखवतो." असे म्हणून त्याने कडेचे एक अंडे उचलले आणि फोडायला खापरीच्या कडेवर धरले.

ताम्रचूड उठला नाही. तो फक्त म्हणाला, "महाराज, फोडण्याआधी ते एकदा कानाला लावा."

राजाने हात पुढे केला. उग्रकाला अंडे द्यावे लागले. राजाने ते कानाला लावले. कवचाच्या आतून बारीक आवाज येत होता, चिव, चिव. राजाने ते अंडे उग्रकाच्या कानाला लावले. उग्रकाचा चेहरा उतरला.

ताम्रचूड म्हणाला, "महाराज, किती वर्षांत आपल्या नगरात हा आवाज कोणी ऐकला आहे?"

राजाने मागे वळून लोकांकडे पाहिले. मग एक म्हातारी म्हणाली, "माझ्या नातवाला पिल्लू कसं दिसतं तेच ठाऊक नाही, महाराज."

"खुडूक कोंबडी आळशी नसते," ताम्रचूड म्हणाला. "ती बसते तेव्हाच तिचं सगळ्यांत मोठं काम चाललेलं असतं. अंडं हे बियाणं आहे. बियाणं खावं, पण सगळंच खाल्लं तर पुढे पेरायचं काय?"

राजाने ते अंडे दोन्ही हातांनी परत रांजणात ठेवले आणि तो तिथेच राखेच्या कडेला बसला. राजा बसला म्हणून सगळे नगर बसले. दुपार झाली. एका अंड्याला बारीक छिद्र पडले, त्यातून इवल्या चोचीचे टोक दिसले आणि मग ते थांबले. उग्रकाला राहवेना. "दमलंय बिचारं. मी कवच सोलतो."

"सोलू नका," ताम्रचूड म्हणाला. "आत अजून रक्त आहे. त्याचं त्याला येऊ द्या."

राजाने उग्रकाचे मनगट धरून ठेवले. पिल्लू थांबे, पुन्हा टोचा मारी, पुन्हा थांबे. शेवटी कवच दुभंगले आणि एक ओले, वाकडेतिकडे पिल्लू धडपडत बाहेर पडले. त्याने मान उचलली आणि त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठ्याने ते ओरडले. लोकांत एकच जल्लोष उसळला. दुसरे अंडे फुटले, मग तिसरे. ऊन कलेपर्यंत एकूण एक अंडे फुटले होते.

राजा म्हणाला, "उग्रका, यांची आई आण. तू स्वतः जा."

उग्रक धावत गेला आणि पिंगलेला छातीशी धरून आला. वाटभर तिने त्याच्या हाताला चोची मारल्या होत्या. "इतके दिवस टांगली," तो धापा टाकीत म्हणाला, "तरी हिची खुडूक मोडली नाही!"

"बरं झालं, मालक," सोमिला म्हणाली, "नाही मोडली ते."

पिंगलेला खाली सोडताच तिने पंख पसरले. ताम्रचूड बाजूला झाला आणि सगळी पिल्ले तिच्या पोटाखाली शिरली. तेव्हा ताम्रचूड कितीतरी दिवसांनी पायांवर उभा राहिला. पाय आखडले होते, छाती उघडी होती, तुरा फिकट पडला होता. तो आव्यावर चढला आणि मावळत्या सूर्याकडे तोंड करून आरवला. अवेळी आरवणे अशुभ मानतात, पण त्या दिवशी ते कोणाला आठवले नाही. सगळे नगर टाळ्या वाजवीत होते.

राजाने तिथेच दवंडी पिटवली. खुडूक कोंबडीला कोणी उठवू नये. ज्या परसात कोंबडी बसली असेल, त्या परसाकडून तोपर्यंत अंडे मागू नये. ही आज्ञा सांगत घरोघर फिरण्याचे काम उग्रकाने मागून घेतले. पहिली पिल्ले मोठी झाली आणि नगरात वाटली गेली. त्यांची पिल्ले झाली, पुन्हा त्यांची झाली. पुढे शालिपुरात अशी एक गल्ली उरली नाही, जिथे चालताना पायांत पिल्ले येत नाहीत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे एक भिक्षुणी बराच काळ ध्यानाला बसून होती, आणि ती नुसती बसून खाते असे एक भिक्षू म्हणत होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा उग्रक म्हणजे आज हे बोलणारा भिक्षू. तेव्हाही त्याचे कान उशिरा उघडले, पण उघडले. पिंगला म्हणजे ही ध्यानस्थ भिक्षुणी. सोमिला आणि भद्रक म्हणजे या विहाराला रोज पाण्याचे घडे देणारे कुंभार दांपत्य. राजा सुषेण म्हणजे हा विहार बांधून देणारा गृहस्थ. आणि आपली छाती उघडी करून बसलेला ताम्रचूड मीच होतो. भिक्षूंनो, मनाशी एकदा धरलेले भले काम पुरे होईपर्यंत जागचे न हलणे, याला अधिष्ठान म्हणतात. तेच मी त्या जन्मी पूर्ण केले."