चार रेघांची राणी

एका राज्यात बाहुसेन नावाचा राजा होता. सात गडांचा धनी, तलवारीचा पक्का, न्यायाला चोख. पण पाहण्याच्या बाबतीत मोठा आळशी. घोडा कोणत्या रंगाचा ते न पाहता बसायचा, दरबारी कोण आलं ते न पाहता मुजरा घ्यायचा. राजा बोले, दळ हाले. मग डोळे उघडा असं त्याला सांगणार कोण?

त्याची राणी मालिनीदेवी. तिचं चित्र महालाच्या भिंतीवर काढायला गैरिका आली. गैरिका अर्धी चितारीण, अर्धी जादूगारीण. तिनं काढलेल्या आंब्यावर माश्या बसत. पावसाळ्यात तिनं हात घातला तो उन्हाळ्यात चित्र पुरं झालं. राजा आला, भिंतीवरून नुसती नजर फिरवली नि म्हणाला, "चार रेघा तर ओढल्यात. त्या कोणीही ओढील."

गैरिका रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. तिनं ओलं फडकं घेतलं आणि चित्र पुसायला लागली. जसजसं चित्र पुसलं, तसतशी शेजारी उभी असलेली राणीही पुसत गेली. आधी पैंजण, मग पदर, शेवटी कपाळाचं कुंकू. भिंत पांढरीफटक झाली.

"महाराज, मी इथं आत आहे," भिंतीतून राणीचा आवाज आला.

"आता त्या चार रेघा तुम्हीच ओढा," गैरिका राजाला म्हणाली. "जशी काढाल तशी राणी बाहेर येईल. पण तिचा आवाज रोज पुसट होत जाईल. आवाज सरला, की राणी सरली." एवढं बोलून ती दारावर रंगवलेल्या मोरावर बसली आणि निघून गेली.

राजाचा राणीवर जीव नव्हता असं नाही हो. जीव होता म्हणून तर तो लगेच कामाला लागला. त्यानं राजकवीला बोलावलं आणि राणी दिसते कशी ते विचारलं. कवीनं घडाघडा सांगितलं: मुख चंद्रासारखं, डोळे हरिणीचे, नाक चाफेकळी, कंबर सिंहाची, चाल हत्तीची. राजानं कोळसा घेतला नि ऐकलं तसं काढलं. अहो, तसंच बाहेर आलं की! वाटोळा चंद्र, त्यात हरिणीचे डोळे, मधोमध कळी, खाली केसाळ कंबर आणि त्याखाली खांबांसारखे चार पाय. त्या ध्यानानं बागेतल्या केळी खाल्ल्या, हौद कोरडा केला. प्रधान खांबामागं, कवी पलंगाखाली.

"बाहेर कोण आलं?" राणीनं भिंतीतून विचारलं.

"तुम्हीच," राजा खाली मान घालून म्हणाला.

"अगं बाई. इतकी वर्षं स्वारीला मी अशी दिसत होते?"

राजा शरमेनं अर्धा झाला. त्यानं स्वतः ओलं फडकं घेतलं आणि ते ध्यान पुसून टाकलं. तेव्हा कोरड्या हौदाच्या काठावर बसलेला एक खंड्या पक्षी बोलला.

"राजा, तू ऐकलेलं काढलंस. पाहिलेलं काढ."

"ते कसं काढतात?"

"मी पाण्याकडे पाहत बसतो तेव्हा दुसरं काही करत नाही. चल माझ्याबरोबर. तीन कामं आहेत."

पहिलं काम घळीच्या काठावर. खंड्या म्हणाला, "कोळशानं हवेत रेघ ओढ आणि तिच्यावरून पलीकडे ये." राजानं भीतभीत, तुकड्यातुकड्यांनी रेघ ओढली. अर्ध्यात गेला नि काडकन मोडली. राजा खालच्या डोहात गळ्याएवढ्या पाण्यात. खंड्या म्हणाला, "कोळशाच्या टोकाकडे बघू नकोस. जिथं जायचं तिथं बघ. आणि बोटांनी नको, खांद्यापासून ओढ." राजानं पुन्हा काठावर चढून पलीकडच्या खडकावर नजर ठेवली आणि एका श्वासात हात फिरवला. रेघ तारेसारखी ताठ उभी राहिली. तिच्यावरून तो पार झाला.

पलीकडे एवढंसं पाणी खडकातून ठिबकत होतं आणि घशाला तर कोरड पडलेली. दुसरं काम तेच: घागर काढ आणि भरून घे. राजानं एक वाटोळं काढलं. पाणी त्यातून सरळ खाली गेलं. ती घागर कुठली, ती बांगडी झाली.

"ऊन कुठून येतंय?" खंड्यानं विचारलं.

राजा तिथलाच एक गोटा समोर ठेवून बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो काही पाहत बसला असेल. वर उजेड, मग हळूहळू अंधार. आणि नवल असं, की अंधाराच्या तळाशी पुन्हा थोडा उजेड, जमिनीवरून वर उडालेला. हे रोजच असं असतं का, असं त्यानं विचारलं. रोजच असतं, पक्षी म्हणाला. मग राजानं अंगठ्यानं कोळसा घासत घासत घागरीला पोट आणलं. घागर भरली, राजा पोटभर प्याला.

"आता मला काढ," खंड्या म्हणाला. हे तिसरं काम. राजाला जोर चढला होता. खडकावर पक्षी काढला, फांदी काढली, पानं, फुलं, वेली, वर ढग, ढगात सूर्य. बोट ठेवायला जागा सोडली नाही. चित्रातला पक्षी नुसता धडपडायला लागला.

"उडू कुठं?" तो चित्रातून म्हणाला.

राजानं सूर्य पुसला, ढग पुसले. फुलं पुसताना फार जिवावर आलं, पण पुसली. शेवटी एका कोपऱ्यात फांदी नि पक्षी उरला, आणि बाकी सगळं मोकळं. गंमत अशी, की चित्र एका अंगाला कललं नाही. त्या मोकळ्या जागेनंच पक्ष्याला तोलून धरलं होतं. पक्ष्यानं पंख पसरले आणि तो बाणासारखा निघून गेला.

राजा घाईनं महालात परतला. राणीचा आवाज आता इतका पुसट झाला होता, की भिंतीला कान लावावा लागला. त्यानं कोळसा उचलला आणि हात तिथंच थांबला. रेघ येत होती, उजेड-अंधार येत होता, मोकळी जागा सोडता येत होती. पण राणीचं नाक कसं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं ते पाहिलंच नव्हतं. राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"राणीसाहेब, तुमचं नाक कसं आहे हो?"

"मला काय ठाऊक?" भिंतीतून आलं. "माझं नाक मला कुठं दिसतं? ते बघायचं काम तुमचं होतं."

"माझं चुकलं."

राजानं कान भिंतीला आणखी घट्ट लावला. मग अगदी तळातून आवाज आला, "देवीच्या टेकडीवर स्वारी चिखलात घसरली होती. मी हसले. स्वारी रागावली होती. आठवतं?" शेवटचा शब्द जेमतेम ऐकू आला.

आठवत होतं. चारचौघांत हसली म्हणून राजा त्या दिवशी रागानं तिच्याकडे टक लावून पाहत राहिला होता. कधी नव्हे ते, त्या एकदाच. नाक चाफेकळी मुळीच नव्हतं. चांगलं जाडसर, शेंड्याशी वळलेलं. हसताना डावा डोळा बारीक झाला होता. पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला. तोंडावर हात गेला होता, पण उशिरा, दात दिसून गेल्यावर.

राजानं एका श्वासात कपाळापासून हनुवटीपर्यंत रेघ ओढली. खिडकी डावीकडे होती, म्हणून उजव्या गालावर सावली घासली. वाकडा दात वाकडाच काढला. राणीच्या पुढ्यात मोठी जागा कोरी सोडली; पाऊल टाकायला नको का? मग तो मागं सरला. जीव मुठीत धरून उभा राहिला.

पैंजण वाजले. राजानं पैंजण काढलेच नव्हते, पदराचे काठही काढले नव्हते. ते आपले आपण आले. राणी भिंतीतून उतरली ती हसत हसतच. शाप सुटला, भिंत पुन्हा नुसती भिंत झाली, आणि प्रधान खांबामागून बाहेर आला.

राणीनं आरसा मागवून पाहिलं. "माझे दात मोत्यांच्या ओळीसारखे, असं सगळे म्हणत आले."

"एक वाकडा आहे," राजा म्हणाला.

राणीनं आरसा खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, ते राजानं पाहिलं. मग पदर सावरत ती म्हणाली, "चला, जेवणं निवताहेत."

"निवू द्या," राजा म्हणाला, आणि पाहत राहिला.

सांगायची कहाणी इथं सरली. पाहायची ती ज्यानं त्यानं पाहावी.